झाकण नसलेला फोन

खोकं उघडून त्याने नवा फोन बाहेर काढला, उलटा केला आणि अंगठ्याचं नख त्याच्या कडेवरून फिरवायला लागला. एक फेरी झाली, दुसरी झाली. चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाशी धरून तिसरीही झाली. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले बाकीचे पंचवीस मेकॅनिक एव्हाना एकमेकांचे फोटो काढू लागले होते.

"काका, काही अडचण?" मॅनेजरने विचारलं. मॅनेजर जेमतेम तिशीचा, इस्त्रीची घडी न मोडलेला माणूस होता.

"याचं झाकण कुठून निघतं?"

"आता झाकण नसतं, काका. सगळा एकसंध असतो."

"मग बॅटरी काढायची कशी?"

"काढायचीच नाही."

"आणि मेमरी कार्ड?"

"ते लागतच नाही. आतच भरपूर जागा आहे."

"म्हणजे माणसानं आत जायचंच नाही."

"गरजच काय आत जायची?" मॅनेजर हसून म्हणाला आणि पुढच्या खुर्चीकडे वळला.

त्याने फोन परत खोक्यात ठेवला. शेजारी बसलेल्या जोडीदाराला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "आत काय भरलंय त्याची लाज वाटत असणार. म्हणून डिंक लावून बंद केलाय."

हा माणूस लिफ्टचा मेकॅनिक. तेहेतीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. कामावर त्याला सगळे नटबोल्ट म्हणत. खिशात कायम दोन-चार नटबोल्ट असायचे आणि तो खाली बसला की वाजायचे, हे एक कारण. दुसरं कारण लोक त्याच्या पाठीमागे सांगत: एकदा आवळला की सैल पडत नाही. दोन्ही खरं होतं.

तो कामाला लागला तेव्हा त्याच्या वस्तादाने पहिल्याच दिवशी लिफ्टच्या दाराचं एक जुनं कुलूप त्याच्यासमोर टाकलं आणि म्हणाला, "खोल, जोड, परत खोल." संध्याकाळपर्यंत ते कुलूप त्याने अकरा वेळा खोललं होतं. शेवटच्या वेळी वस्तादाने त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. कुलूप जुळलं, दार लागलं आणि वस्ताद चहा प्यायला निघून गेला. त्या दिवसापासून न उघडणाऱ्या वस्तूबद्दल त्याला तोच तिटकारा वाटू लागला, जो इतरांना तोंडावर खोटं बोलणाऱ्या माणसाबद्दल वाटतो. घरातला पंखा, मिक्सर, बायकोचं शिलाई मशीन, सगळ्यांची पोटं त्याने पाहिलेली होती. बायको इस्पितळाच्या कपडेखात्यात चादरी शिवायची. ती म्हणायची, "आमच्या घरात एक मीच तेवढी राहिलेय अजून न खोललेली."

त्याचा जुना फोन जाडजूड होता. मागचं झाकण नखाने टचकन निघायचं. शर्टाच्या डाव्या खिशात साबणाच्या छोट्या डबीत दोन जादा बॅटऱ्या भरून ठेवलेल्या असत. एक संपली की दुसरी घालायची. वीस सेकंदांचं काम. आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या एका पत्र्याच्या डबीत एकोणीस मेमरी कार्डं होती. नखाएवढ्या त्या कार्डांवर नावं लिहिता येत नव्हती, म्हणून मुलीच्या नेलपॉलिशने त्यांवर ठिपके दिलेले होते. लाल ठिपका म्हणजे इस्पितळं, दोन लाल म्हणजे जुनी इस्पितळं, जांभळा म्हणजे बँका. एकेका कार्डात त्या त्या इमारतींच्या लिफ्टचं सगळं पोट फोटोंत होतं: कुठली वायर कुठे जाते, कुणी कधी बदलली, कुठल्या बहाद्दराने निळ्याच्या जागी हिरवी जोडून ठेवली. कंपनीचे मूळ नकाशे केव्हाच वाळवीने खाल्ले होते किंवा बदली झालेल्या साहेबांबरोबर गेले होते. लिफ्ट अडली की सगळ्या ऑफिसची गाडी शेवटी त्याच पत्र्याच्या डबीपाशी येऊन थांबायची.

नवा फोन आला आणि त्याबरोबर पत्रक आलं. हजेरी फोनवरच लागणार. कामाचे फोटो ऑफिसच्या फोनवरच काढायचे, स्वतःच्या नाही. सुरक्षेचं धोरण आहे. आणि आता सगळ्यांकडे चांगले फोन आल्यामुळे वॉकीटॉकी संच भांडारात जमा करावेत. वर मशीनरूममध्ये एक आणि खाली खड्ड्यात एक अशी दोन माणसं काम करतात, ती वॉकीटॉकीवर बोलत. आता फोनवर बोलायचं.

त्याने वॉकीटॉकी जमा केला आणि भांडारवाल्याकडून पावती मागून घेतली.

"पावती कशाला? परत थोडेच मिळणार आहेत?" भांडारवाला म्हणाला.

"तेच लिहून दे," नटबोल्ट म्हणाला.

रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. जावई फोनच्याच दुकानात विक्रेता होता. काचेच्या मोठ्या दालनात, गळ्यात पट्टा घालून उभा राहणारा. सासऱ्याला नवा फोन मिळाला म्हटल्यावर त्याला मनापासून आनंद झाला. त्याने तो हातात घेऊन तोलून पाहिला.

"बाबा, चांगला आहे. किती पातळ आहे बघा."

"पातळ असून काय करायचं, जावईबापू? दाराच्या फटीतून सरकवायचाय का?"

"झाकण नसलं की पाणी जात नाही आत. बॅटरीही जास्त टिकते."

"आणि संपली की?"

"चार्ज करायची."

"माणसासारखी म्हातारी झाली की?"

"तोपर्यंत लोक नवा घेतात, बाबा. लोकांनाच असं हवं असतं."

"कुणी विचारलं लोकांना? तुमच्या दुकानात झाकणवाला फोन आहे का एक तरी?"

"नाही."

"मग लोकांनी निवड कशातून केली?"

मुलीने मध्ये पडून वाढायला घेतलं. "बाबा, त्यांनी नाही बनवलेला तो. खाऊ द्या त्यांना." जावई चांगल्या घरचा होता, खाली मान घालून जेवला. नटबोल्टलाही नंतर जरा वाईट वाटलं, पण जाताना पायरीवर तो म्हणालाच, "राग मानू नका. तुम्ही विकता, तुमचं पोट आहे. पण कौतुक तेवढं करू नका."

पहिले काही महिने फोन गुणी सुनेसारखा वागला. मग जागा संपली. ती भरपूर जागा अर्धी फोनने स्वतःच बळकावलेली होती. त्यात मोती फोडायचा एक खेळ होता, तो काढून टाकता येत नव्हता. हवामान सांगणाऱ्या दोन खिडक्या होत्या, त्याही जात नव्हत्या. एके दिवशी न्यायालयाच्या इमारतीत पॅनेलचं दार उघडून तो फोटो काढायला गेला, तर फोनने सांगितलं की जागा उरलेली नाही, अनावश्यक फोटो काढून टाकावेत. आणि अनावश्यक म्हणून त्यानेच निवडून दाखवले: शंभर पॅनेलचे शंभर फोटो, सगळे एकसारखे दिसतात म्हणून.

"पाहुणा घरात येऊन बसलाय," तो जोडीदाराला म्हणाला, "आणि मला सांगतोय तुमचं सामान बाहेर काढा."

जोडीदाराला सगळे उंट म्हणत. सहा फूट तीन इंच, पंचेचाळिशीचा, बोलायला कमी. बारा वर्षं दोघं एकत्र होते. उंट म्हणाला, "दादा, ऑफिसात विचारा."

ऑफिसातल्या संगणक विभागाच्या माणसाने सांगितलं की फोटो ऑफिसच्या साठ्यात चढवा आणि फोनमधून पुसून टाका. कुठे चढवायचे म्हणून विचारलं, तर त्याने बोटाने छताकडे दाखवलं. नटबोल्टने छताकडे पाहिलं. तिथे नळीचा एक दिवा लुकलुकत होता. त्याने फोटो चढवले, कारण दुसरा मार्ग नव्हता.

अकराव्या महिन्यात बॅटरीने अंग काढून घेतलं. सकाळी शंभर, दुपारी साठ, मग एकदम काळा पडदा. इतरांचंही तेच चाललं होतं. मशीनरूममध्ये आधीच भट्टीसारखी उष्णता असते आणि फोन तिथे तासन्‌तास पडून असत. तक्रारी गेल्यावर ऑफिसने प्रत्येकाला एक पॉवर बँक दिली. विटेएवढी, वायर लावून खिशात ठेवायची.

"बघा मजा," नटबोल्ट कँटीनमध्ये म्हणाला. "बॅटरी बदलायची सोय काढून घेतली आणि वर दुसरी बॅटरी गळ्यात बांधली. फोन पातळ राहिला, माणूस जाड झाला."

रजा टाकून तो दुरुस्ती केंद्रात गेला. काचेचा दरवाजा, थंडगार हवा, टोकन. दीड तासाने नंबर लागला. काउंटरमागची मुलगी नम्र होती. तिने फोनला एक वायर जोडली, पडद्यावर काहीतरी वाचलं.

"सर, बॅटरी उतरली आहे."

"ते मला माहीत आहे. बदलून द्या."

"इथे नाही बदलता येत, सर. फोन पूर्ण पाठवावा लागेल. बारा दिवस लागतील. आतला सगळा डेटा पुसला जाईल."

"बॅटरी बदलायला डेटा का पुसायचा? माझा दात काढताना नाव विसरायला लावतात का?"

मुलगी हसली, मग हसू नये हे तिच्या लक्षात आलं. "तशी पद्धत आहे, सर."

"आत तुमच्याकडे खोलणारा माणूस आहे?"

"इथे कुणीच खोलत नाही, सर. आम्ही फक्त पाठवतो."

"दुरुस्ती केंद्र लिहिलंय बाहेर," तो म्हणाला आणि फोन उचलून निघाला. बारा दिवस फोन नाही म्हणजे बारा दिवस हजेरी नाही. हजेरी लागली नाही तर मशीन त्याला घरी बसलेला धरणार होतं.

त्यानंतर तीन महिन्यांनी ती दुपार आली.

तपासणी-केंद्राच्या जुन्या इमारतीत काम होतं. लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो. त्यात दोन जाड स्प्रिंगा बसवलेल्या असतात, लिफ्ट घसरली तर झेलायला. तिथली एक स्प्रिंग खचल्याचा संशय होता. वीज बंद करून लिफ्ट हाताने चाक फिरवून हळूहळू खाली आणायची आणि खालच्या माणसाने नेमकं अंतर मोजायचं, असं ते काम. उंट वर मशीनरूममध्ये चाकावर, नटबोल्ट खाली. रिकामी लिफ्ट खाली ओढायला जोर लागतो, कारण पलीकडची वजनं जास्त जड असतात. दोन्ही हात चाकावर लागतात. म्हणून उंटाने फोन खिडकीत ठेवून आवाज मोठा केला होता. ठरलं होतं तेच, जे बारा वर्षं ठरत आलं होतं: खालून 'थांब' येईपर्यंत फिरवत राहायचं.

खड्ड्यात उतरताना पॉवर बँकेची वायर शिडीला अडकत होती, म्हणून नटबोल्टने ती वर दारातच ठेवली. फोनवर अडतीस आकडा होता. तो मुद्दाम बघून उतरला होता.

"येऊ दे," तो म्हणाला. लिफ्ट येऊ लागली. "येऊ दे, येऊ दे." तळमजल्याचं दार लिफ्टने व्यापलं आणि खड्ड्यातून बाहेर पडायची वाट बंद झाली, हे नेहमीचंच. तो स्प्रिंगांच्या मध्ये उताणा झाला आणि विजेरीच्या उजेडात पट्टी वर धरली. "अजून दोन फूट. सावकाश." उंटाचा "हो" ऐकू आला. मग फोनचा उजेड गेला.

आधी त्याला वाटलं पडदा झोपला असेल. त्याने बोट लावलं, बाजूचं बटण दाबलं. काहीच नाही. लिफ्ट येतच होती, चाकाच्या दातागणिक, बोट-बोटभर. तो ओरडला. वर सात मजले, मध्ये लोखंडी पेटी. आवाज खड्ड्यातच फिरला. भिंतीवर लाल बटण होतं, पण ते वीज तोडायचं. वीज तर आधीच बंद होती. आडवं पडून राहिलं तर स्प्रिंगा लिफ्टला झेलतील, हे त्याला माहीत होतं. त्यातली एक झेलेल की नाही, हेच बघायला तो आला होता.

त्याने पाठीमागचा पाना ओढून घेतला आणि लिफ्टच्या रुळावर सगळ्या ताकदीने हाणला. थांबून परत. मग थांबलाच नाही, हाणतच राहिला. लोखंडाचा आवाज रुळावरून सात मजले चढतो. वर उंटाला तळपायाखाली हादरे जाणवले. त्याने चाक थांबवलं, ब्रेक घट्ट केला आणि मग खिडकीतल्या फोनकडे पाहिलं. फोन केव्हाच कापला गेला होता.

लिफ्टचा तळ आणि नटबोल्टची छाती यांत वीतभर अंतर होतं. ते त्याने पट्टी लावून मोजलं. का मोजलं ते त्यालाही नंतर सांगता येईना. उंटाने लिफ्ट वर घेतली, सात मजले धावत उतरला आणि खड्ड्याच्या काठावर येऊन बसला.

"फोन मेला," नटबोल्ट खालून म्हणाला. "अडतीस असताना मेला."

घरी त्याने बायकोला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं उंटाच्या बायकोने सांगितलं. सकाळी डबा हातात देताना त्याची बायको म्हणाली, "आज खड्ड्यात उतरलात तर घरी येऊ नका." आणि मग डबा सोडेना.

ऑफिसने चौकशी लावली. चौकशीच्या आदल्या दिवशी नटबोल्ट कँटीनमध्ये बसला होता. फोन टेबलावर उताणा ठेवलेला. कुणाचं तरी कोपर लागलं आणि फोन गर्रकन फिरला. एक पूर्ण वेढा घेऊन थांबला. त्याने फोनकडे पाहिलं. मग बोटाने टिचकी मारली. फोन भिंगरीसारखा फिरला.

तो फोन त्याने डोळ्यांसमोर आडवा धरला. पोट फुगलं होतं. मधोमध टेकू लागल्यासारखी पाठ उचललेली, आणि पडद्याच्या एका कडेला इतकी बारीक फट पडलेली की त्यातून पलीकडचा दिवा दिसत होता. आत बॅटरी फुगून बाहेर यायचा रस्ता शोधत होती.

"उंटा, तुझा ठेव."

उंटाचाही फिरला. मग शेजारच्या टेबलावरच्यांचे. दुपारपर्यंत सव्वीसपैकी नऊ फोन फिरले. माणसं हसत होती, टिचक्या मारत होती. एकाने तर कुणाचा जास्त वेढे घेतो त्याची पैज लावली. मग हळूहळू हसणं ओसरलं. असा फोन रोज शर्टाच्या खिशात, छातीवर घेऊन आपण फिरतोय, हे एकेकाच्या ध्यानात येत गेलं. दोघांनी गुपचूप फोन खिशातून काढून पिशवीत टाकले.

चौकशीला मॅनेजर, संगणक विभागाचा माणूस आणि सुरक्षा अधिकारी बाई असे तिघं होते. बाई पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले. पूर्वी कारखान्यात काम केलेल्या. मॅनेजरने अहवाल वाचला. घटनेचं कारण: कर्मचाऱ्याने फोन पुरेसा चार्ज केलेला नव्हता.

"किती असला की पुरेसा?" नटबोल्टने विचारलं.

"तसा आकडा सांगता येणार नाही," संगणकवाला म्हणाला. "तो आकडा अंदाजे असतो."

"अडतीस अंदाजे होता. वरून येत होती ती सातशे किलोची लिफ्ट. तीही अंदाजेच धरायची का?"

"काका, विषय भरकटतोय," मॅनेजर म्हणाला. "पॉवर बँक दिलेली असताना तुम्ही ती खाली का नेली नाही?"

"दोन फुटांची वायर गळ्याभोवती घेऊन खड्ड्यात उताणं पडून बघा एकदा, साहेब. मी वर चाकावर बसतो."

नटबोल्टने आपला फोन टेबलाच्या मधोमध उताणा ठेवला आणि टिचकी मारली. फोन फिरला. पॉलिश केलेलं टेबल होतं, कँटीनपेक्षा जास्त फिरला. तिघंही तो थांबेपर्यंत बघत राहिले.

"सरळ पाठीचा फोन फिरत नाही, मॅडम," तो बाईंना म्हणाला. "आत बॅटरी सुजली आहे. जुन्या फोनचं झाकण असतं तर मी पहिल्याच दिवशी उघडून पाहिलं असतं, काढून फेकली असती. याच्यात बघायचीही सोय नाही. सव्वीसपैकी नऊ असे आहेत. मोजून आलोय."

बाईंनी आपली पर्स उघडली. त्यांच्याकडेही ऑफिसचाच, त्याच खोक्यांतला फोन होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि एका बोटाने हलवला. फोन अर्धा फिरला आणि डुलत थांबला. बाईंनी तो परत पर्समध्ये टाकला नाही, टेबलावरच राहू दिला. मॅनेजरचा फोन सपाट होता. त्याला दर वर्षी नवा मिळायचा.

नटबोल्टला वाटलं होतं, आता काही सांगायला उरलं नाही. चार दिवसांनी पत्रक निघालं. त्यात तीन सूचना होत्या: फोन उष्ण जागी नेऊ नयेत, शंभर टक्के चार्ज असल्याची खात्री करूनच काम सुरू करावं, आणि फोन टेबलावर फिरवून पाहू नयेत.

तिसरी सूचना त्याने दोनदा वाचली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून उंट जरा मागे सरकला.

"यांना फोन सुजल्याचं दुःख नाही," तो म्हणाला. "तो दिसल्याचं आहे."

दुसऱ्या दिवसापासून मेकॅनिकांनी खड्ड्यात उतरणं बंद केलं. घोषणा नाहीत, मोर्चा नाही. सगळे वेळेवर कामावर जात, हजेरी लावत, बाकीची सगळी कामं नीट करत आणि कामाच्या फॉर्मवर एकच ओळ लिहीत: खड्ड्यात उतरलो नाही, बोलायला साधन नाही. नटबोल्टने कुणाला पढवलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने ती ओळ लिहिली, उंटाने बघून लिहिली, आणि तिसऱ्या दिवशी सव्वीस फॉर्मांवर तीच ओळ होती. मॅनेजरने एकेकाला बोलावून घेतलं. प्रत्येकाने खिशातला फोन काढून त्याच्या टेबलावर ठेवला; फिरवला मात्र नाही, कारण तशी सूचना होती.

त्याच आठवड्यात जावई एकटाच घरी आला. मुलीकडून त्याला खड्ड्याचं कळलं होतं. तो खुर्ची ओढून सासऱ्यासमोर बसला. मग म्हणाला, "बाबा, दुकानात परत आलेल्या फोनांची एक पेटी असते. मी काल त्यातले चाळीस फरशीवर ठेवून पाहिले. अकरा फिरले."

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, फरशीवर ठेवू नका, गादीवर ठेवा."

सासरा हसला नाही. त्याने जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "निदान तुम्ही सांगितलंत." मग दोघांनी चहा घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा जावयाने लिफ्ट कशी चालते ते विचारलं आणि दोन तास ऐकत बसला.

खड्ड्यांचं काम थांबल्याच्या चौथ्या दिवशी सुरक्षा अधिकारी बाईंनी भांडाराची किल्ली स्वतः मागून घेतली. वॉकीटॉकी तिथेच पडून होते. चौदा महिन्यांची धूळ साचलेली, पण भांडारवाल्याने सेल काढून वेगळे ठेवले होते. नवे सेल घातले, बटण दाबलं आणि पहिल्या दाबातच सगळे खरखरून जागे झाले. बाईंनी ते सव्वीस जणांना वाटले आणि सही घेतली. फुगलेले नऊ फोन आणि बाईंचा दहावा, असे पुठ्ठ्याच्या खोक्यात वाळू भरून परत गेले. महिन्याभराने त्यांच्या जागी नवे आले. वर्षभराने नवं मॉडेल, आधीपेक्षा पातळ. झाकण अर्थातच नव्हतं.

नटबोल्टच्या कागदांत मात्र 'कर्मचाऱ्याने फोन पुरेसा चार्ज केलेला नव्हता' ही ओळ तशीच राहिली. ती खोडावी म्हणून त्याने अर्ज दिला. बाईंनी शिफारस जोडली. उत्तर आलं की अहवाल एकदा दाखल झाला की प्रणालीत बंद होतो आणि नंतर कुणालाच बदलता येत नाही. बाईंना ते सांगताना वाईट वाटत होतं. नटबोल्ट म्हणाला, "तुम्ही कशाला कष्टी होता, मॅडम. ते लिहिणाऱ्याला शोभतं, राहू द्या."

खरा घाव वेगळाच होता. चौदा महिन्यांत त्याने आकाशात चढवलेले फोटो बाईंच्या सांगण्यावरून काढून मागितले, तेव्हा ते आले. पण साठ्याने जागा वाचवायला त्यांना दाबून लहान केलं होतं. वायरींच्या जागी मातकट रेघा. तपकिरी कुठली, लाल कुठली, ओळखायला देव यावा लागला असता. मूळ फोटो काही त्याने सांगितल्याप्रमाणे पुसले होते, उरलेले सुजलेल्या फोनबरोबर गेले होते. एकेचाळीस इमारतींचं काम पाण्यात गेलं. बाईंनी जुन्या फोनने फोटो काढायला तोंडी परवानगी दिली, पण त्या फोनच्या बॅटऱ्या आता कुणी बनवत नव्हतं. बाजारात मिळाल्या त्या नकली होत्या. आठ दिवसांत मान टाकत. फोन खोलता येत होता, आत घालायला काही उरलं नव्हतं.

मग त्याने चौकटीच्या कागदांची जाड वही आणली आणि बारा रंगांच्या पेन्सिली. इमारत गाठायची, पॅनेलचं दार उघडायचं, उलट्या बादलीवर बसायचं आणि एकेक वायर हाताने काढायची. उंट विजेरी धरायचा आणि नंबर वाचायचा. दोघांना एका इमारतीला दीड दिवस लागायचा. मॅनेजरने एकदा विचारलं की या जमान्यात वही कशाला. नटबोल्टने वही त्याच्यापुढे धरली. "उघडून बघा," तो म्हणाला. मॅनेजरने बघितलं, दोन पानं उलटली आणि परत दिली.

विसाव्या इमारतीत उंटाने विचारलं, "दादा, तुमची तीन वर्षं राहिली. नंतर ही वही कोण बघणार?"

"ज्याची लिफ्ट अडेल तो."

"आणि नाही बघितली तर?"

"तर बसेल फोनला विचारत," नटबोल्ट म्हणाला आणि जांभळी पेन्सिल टोकदार करायला घेतली. "सतरा नंबर कुठे जातेय ते सांग आधी."

उंटाने विजेरी जवळ नेली. सतरा नंबरची वायर दुसऱ्या तीन वायरींच्या मागे दडलेली होती. त्याने ती बोटाने ओढून पुढे घेतली.